फ्लायव्हीलखालचा शहाणपणा

व्हिडिओ पाहिला. आता खुर्ची ओढून बस आणि मी थांबेपर्यंत मधे बोलू नकोस. वर्गात असतास तर सगळ्यांदेखत उभं केलं असतं. मिल्वॉकीत आहेस, संसारी माणूस आहेस, म्हणून पत्रावर भागवतोय. "सर, सत्तर वर्षांचं इंजिन जिवंत केलं, बघा," असं लिहून पाठवलंस. बघितलं. जे बघितलं त्यावर ट्रेडच्या परीक्षेत मी शून्य दिलं असतं, आणि शून्याच्या खाली जाता आलं असतं तर तिथेही गेलो असतो.

इंजिन कोणतं? एव्हिनरूड फिशरमन, साडेपाच हॉर्सपॉवर, १९५०च्या दशकातलं. दोन सिलिंडर, दोन स्ट्रोक, जेमतेम १४५ सीसी. कुणा म्हाताऱ्याच्या पश्चात घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथे तुला ते स्वस्तात मिळालं. ज्या शहरात तू नोकरी करतोस त्याच शहरात ओले एव्हिनरूड नावाच्या नॉर्वेहून आलेल्या माणसाने १९०९ साली आउटबोर्ड मोटरचा धंदा उभा केला. त्याची पहिली मोटर दीड हॉर्सपॉवरची आणि ६२ पौंड वजनाची. यंत्र त्याचं, पण पत्रव्यवहार, जाहिराती आणि हिशेब सांभाळून धंदा चालवला तो त्याच्या बायकोने, बेसने. हे नाव १११ वर्षं टिकलं, २०२० साली एव्हिनरूड मोटरींचं उत्पादन बंद झालं. म्हणजे तुझ्या हातात आलं ते भंगार नव्हतं. त्या गावाने जगाला दिलेल्या कारागिरीचा एक शाबूत नमुना होता. होता म्हणतोय. आता त्याच्या फ्लायव्हीलखाली तू काय करून ठेवलंयस ते फक्त तुला आणि मला ठाऊक आहे.

स्पार्क येत नव्हता. इथपर्यंत ठीक. मग तू काय केलंस? फ्लायव्हील उतरवलं, दोन्ही सीबी पॉइंट आणि दोन्ही कंडेन्सर काढून कचऱ्याच्या डब्यात टाकले, कॉइलच्या वायरी कापल्या, आणि गवत कापायच्या यंत्रासाठी मिळणारी दोन वायरींची दोन इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आणून प्लेटवर डकवली. डकवली म्हणजे अक्षरशः डकवली, इपॉक्सीने, रंगावरच. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणालास, "ओल्ड मोटर, नाउ विथ सीडीआय."

या सगळ्यात एक प्रश्न तू विचारलाच नाहीस. स्पार्क का येत नव्हता?

हा प्रश्न मी तुला पहिल्या सहामाहीत विचारायला शिकवला होता. रस्त्यावरच्या गॅरेजवाल्यालाही तो सुचतो. बंद पडलेली चेतक दारात आली की आपला मेकॅनिक आधी प्लग काढून हेडला टेकवतो, किक मारतो आणि बघतो. मग कॉइलकडे, मग पॉइंटकडे. तो दहावी नापास असेल, पण उलट्या दिशेने जात नाही. तू इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेलास आणि थेट दुकानात गेलास. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

सत्तर वर्षं जुन्या मॅग्नेटोत स्पार्क न येण्याची सगळ्यात नेहमीची दोन कारणं सांगतो. दोन्ही तुला फुकटात सापडली असती. पहिलं, पॉइंटच्या तोंडावर चढलेला ऑक्साइडचा थर. इंजिन वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडून राहिलं की पॉइंट दिसायला मिटलेले असतात, पण मधून वीज जात नाही. ओहममीटर लावला असतास तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. बारीक कानशीचे दोन हलके हात, मग कोऱ्या जाड कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये भिजवून पॉइंटमधून ओढायची, संपलं. सँडपेपर नाही, त्याची कच तिथेच रुतून बसते. हेही सांगितलं होतं. मग फिलर गेजने ०.०२० इंचाचा गॅप लावायचा. त्या काळच्या एव्हिनरूड आणि जॉन्सनच्या छोट्या मोटरींना हाच आकडा. तुझ्याकडे फिलर गेज आहे ना? की तोही जुना झाला म्हणून फेकलास?

दुसरं कारण तुझ्याच व्हिडिओत दिसतंय, आणि तुला दिसलं नाही याचा मला जास्त राग आहे. तू प्लेट कॅमेऱ्यासमोर धरतोस तेव्हा डाव्या बाजूच्या कॉइलच्या वेष्टनावर एक भेग आहे. केसासारखी नाही, चांगली नखभर रुंद. त्या काळच्या या मोटरींच्या कॉइलचा हा जगजाहीर दोष आहे. वेष्टन कालांतराने तडकतं, आत ओल शिरते, आणि प्लगपर्यंत जायचा दाब वाटेतच लोखंडात उतरतो. तू म्हणशील, मी मीटर लावला होता, रीडिंग बरोबर आलं. येणारच. प्रायमरीचा रोध एखाद-दोन ओम, सेकंडरीचा काही हजार ओम, एवढंच मीटर सांगतो. दीड व्होल्टच्या सेलवर चालणाऱ्या मीटरला दहा हजार व्होल्टला इन्सुलेशन कुठे फुटतं ते कसं कळेल? त्यासाठी स्पार्क टेस्टर लागतो. उघड्या हवेत पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटर, उडी मारणारी निळी ठिणगी दोन्ही वायरींवर दिसली पाहिजे. आणि खोलीतला दिवा बंद करून बघायचं, कारण फुटक्या कॉइलची गळती अंधारात डोळ्यांना दिसते. त्या कॉइलवर तू नवीन मॉड्यूल जोडलंस. ती कॉइल आजही फुटकीच आहे.

आता मॉड्यूल म्हणजे काय, ते ऐक. कारण तू त्याला सीडीआय म्हणालास आणि तो शब्द ऐकून मी चहा बाजूला ठेवला.

फ्लायव्हीलमधलं चुंबक कॉइलच्या लोखंडी गाभ्यापुढून जातं, गाभ्यातला चुंबकीय प्रवाह बदलतो, आणि प्रायमरीत वीज निर्माण होते. पॉइंट मिटलेले असतात तोवर ती वीज पॉइंटमधून अर्थला जाऊन गोल फिरत राहते. प्रवाह वाढत वाढत शिगेला पोचतो, आणि नेमक्या त्याच क्षणी कॅम पॉइंट उघडतो. प्रवाह तुटतो. कंडेन्सर पॉइंटवर ठिणगी पडू देत नाही म्हणून तो झटक्यात तुटतो. चुंबकीय क्षेत्र कोसळतं, आणि सेकंडरीच्या हजारो वेढ्यांत प्लगवर उडी मारण्याइतका दाब तयार होतो. यात दोन वेळा एकमेकींशी जुळवलेल्या आहेत. चुंबकाची कॉइलपुढची जागा ही एक, आणि पिस्टनची सिलिंडरमधली जागा ही दुसरी. पहिली चुकली तर ठिणगी दुबळी. दुसरी चुकली तर ठिणगी अवेळी. या दोन्ही वेळांना बांधून ठेवणारा दुवा म्हणजे कॅम आणि फ्लायव्हीलला क्रँकवरची नेमकी जागा दाखवणारी अर्धचंद्राकृती चावी. मिल्वॉकीतल्या कुणीतरी हे सगळं कागदावर काढून, ओतून, घासून जुळवलं होतं.

तुझं मॉड्यूल यातलं फक्त एक काम करतं, पॉइंट उघडायचं. आत ट्रान्झिस्टर आहेत. चुंबक आलं की प्रायमरीत जो दाब तयार होतो त्यावरच एक ट्रान्झिस्टर जागा होतो, प्रवाह स्वतःतून जाऊ देतो, आणि प्रवाह ठरावीक पातळीला पोचला की दुसरा भाग त्याला बंद करतो. झाला पॉइंट उघडा. स्वतःची वीज त्याच्याकडे नाही. ठिणगी तीच कॉइल तयार करते, तेच चुंबक तयार करतं. फुटकी कॉइल फुटकीच राहते, मेलेलं चुंबक मेलेलंच.

सीडीआय ही वेगळी जात आहे. त्यात चार्ज कॉइल शेकडो व्होल्ट तयार करून एका कपॅसिटरमध्ये भरते, आणि सेन्सरने इशारा दिला की एससीआर तो साठा एकदम इग्निशन कॉइलमध्ये ओततो. तिथे चार्ज कॉइल वेगळी, सेन्सर वेगळा, पॅक वेगळा. ज्या कंपनीची मोटर तुझ्याकडे आहे तिने स्वतः १९७७ साली ९.९ आणि १५ हॉर्सपॉवरच्या मोटरींवर ही पद्धत आणली तेव्हा फ्लायव्हीलखालची जवळजवळ सगळी मांडणी बदलली. आपल्याकडे बजाजने चेतकला इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं तेव्हाही नुसते पॉइंट काढून एक डबी चिकटवली नव्हती. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांना जे एका तुकड्यात जमलं नाही ते तुला इपॉक्सीच्या एका ट्यूबमध्ये जमलं, असं तुझं म्हणणं आहे. बरं.

तुझ्याच गावातल्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं उदाहरण तू नक्की देशील, म्हणून मीच देतो. १९८२ साली त्यांनी मॅग्नेट्रॉन नावाचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणलं, आणि त्यांच्या जुन्या इंजिनांवर पॉइंटच्या जागी बसणारं मॉड्यूलही दिलं. पुष्कळांनी ते बसवलं आणि चाललं. मग? मग हे, की ते मॉड्यूल त्या इंजिनांसाठी, त्या चुंबकासाठी, त्या आर्मेचरसाठी तपासून दिलेलं होतं. तू आणलेल्या पाकिटावर आउटबोर्ड हा शब्द तरी होता का?

आता तुझ्या व्हिडिओतल्या त्या क्षणाकडे येतो. तू दोरी ओढतोस, इंजिन खोकतं, दोरी तुझ्या हातातून उलटी हिसकली जाते आणि तू हसून म्हणतोस, "विंटेज आहे, नखरे करणारच." नखरे नाहीत ते. इंजिनाने बॅक मारली. पिस्टन वर यायच्या आधीच ठिणगी पडली, आणि जळणाऱ्या वायूने फ्लायव्हील उलट ढकललं. पहिल्या एव्हिनरूड मोटरींना दोरी नव्हती, फ्लायव्हीलवर लाकडी मूठ होती आणि ती धरून फिरवायची. तिने किती जणांच्या बोटांची सालं काढली असतील याची कल्पना कर, आणि आपल्या हातातली दोरी गुंडाळी यंत्रातली आहे म्हणून देवाचे आभार मान.

बॅक का मारली? इथे तुझा गुन्हा खरा मोठा होतो.

पॉइंट असताना ठिणगी कधी पडायची हे कॅम ठरवत होता, आणि कॅम क्रँकशाफ्टवर बसलेला. पिस्टन कुठे आहे ते कॅमला पक्कं ठाऊक असतं. मॉड्यूल आल्यावर ठिणगी कधी पडायची हे चुंबक ठरवतं, आणि चुंबक फ्लायव्हीलमध्ये आहे. फ्लायव्हील क्रँकच्या टेपरवर जसं हवं तसं बसलेलं असेल तर दोन्हींत थोड्याच अंशांचा फरक पडतो, पुढे किंवा मागे. पण समज, कुणीतरी कधीतरी नट नीट आवळला नाही, फ्लायव्हील टेपरवर सरकलं, आणि अर्धचंद्राची ती चावी अर्धी कातरली गेली. पॉइंटवाल्या इंजिनात काय होईल? पॉइंट बरोबर वेळीच उघडतील, पण चुंबक कॉइलसमोर नसेल, म्हणून ठिणगी दुबळी पडेल किंवा पडणारच नाही. लक्षात येतंय? "स्पार्क येत नाही" हीच तर तुझी मूळ तक्रार होती. ती तक्रार कदाचित सरकलेल्या फ्लायव्हीलची साक्ष होती. तू साक्षीदारालाच डब्यात टाकलंस. आणि आता त्याच सरकलेल्या चुंबकावर मॉड्यूल ठिणगी पाडतंय, जोरदार, आणि भलत्याच वेळी.

चावी बघितलीस का? नाही बघितलीस. व्हिडिओत फ्लायव्हील उतरतं तेव्हा कॅमेरा तुझ्या चेहऱ्यावर आहे.

तुझा बचाव मला माहीत आहे. या मोटरींत थ्रॉटलबरोबर अख्खी आर्मेचर प्लेट फिरते, कॉइल आणि पॉइंट दोन्ही तिच्यावरच बसलेले, म्हणून ॲडव्हान्स आपोआप होतो, मॉड्यूल लावलं तरी होतो. खरं आहे. हुशार आहेस हे मी कधी नाकारलं नाही. ॲडव्हान्सची लांबी तेवढीच राहते. पण ती कुठून सुरू होते, तो बिंदूच हलला असेल तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं तेवढंच हललेलं राहतं. वर ४००० आरपीएमला अवेळी पेटणाऱ्या मिश्रणाने पिस्टनचं डोकं भाजून निघतं. बॅक मारली हे निदान हाताला कळलं. हे मात्र पिस्टन वितळेपर्यंत कळणार नाही. टायमिंग लाइट लावलास का? पिस्टन स्टॉप घालून टीडीसी शोधून फ्लायव्हीलवर खूण केलीस का? व्हिडिओभर त्यातलं काहीच दिसलं नाही.

पोलॅरिटीचं तर नावच नको. मॉड्यूल एकाच दिशेच्या अर्ध्या लाटेवर जागं होतं. चुंबक कॉइलपुढून जाताना एक नाही, खालीवर अशा अनेक अर्ध्या लाटा उठतात, त्यातली मोठी कोणती आणि कोणत्या दिशेची हे चुंबकाच्या ध्रुवांवर आणि वेढ्यांच्या दिशेवर ठरतं. उलटी पडली तर मॉड्यूल बाजूच्या छोट्या लाटेवर काम करतं. ठिणगी बारीक, आणि वेळ आणखीनच भलती. पाकिटातल्या चिठ्ठीवर हे लिहिलेलं असतं. चिठ्ठी वाचायची असते.

आणखी एक. पॉइंट मिटलेले असताना त्यांच्यावर दाब जवळजवळ शून्य पडतो. ट्रान्झिस्टरला जागं व्हायलाच अर्धा-एक व्होल्ट लागतो, जोड-ट्रान्झिस्टर असेल तर आणखी जास्त. म्हणून दोरीच्या संथ ओढीवर, सत्तर वर्षांच्या थकल्या चुंबकावर, पॉइंटवालं इंजिन जिथे सुरू झालं असतं तिथे मॉड्यूलवालं नुसतं फिरत राहतं. ओढून ओढून तुझा शर्ट घामाने ओला झालेला दिसतोय तो व्यायाम म्हणून नव्हे. सगळे म्हणतात, इलेक्ट्रॉनिक लावलं की इंजिन एका ओढीत सुरू होतं. चांगल्या कॉइलवर, चांगल्या चुंबकावर, बरोबर पोलॅरिटीवर होतं. तुझ्याकडे या तिन्हींतलं एकही तपासलेलं नाही.

हातकामाबद्दल बोलायचं तर माझं डोकं फिरतं, म्हणून थोडक्यात. फ्लायव्हील हातोड्याने उतरवलंस. त्या फ्लायव्हीलला पुलर लावायला तीन भोकं दिलेली आहेत, ती शोभेची नाहीत. काठाला पकडून ओढणारा पुलरही चालत नाही, फ्लायव्हील वाकतं. हातोड्याच्या दणक्याने चुंबकाची ताकद कमी होते आणि धक्का थेट क्रँकच्या बेअरिंगवर जातो. त्या काळच्या या मोटरींत बऱ्याच ठिकाणी ब्राँझचे बुश असतात, आणि म्हणूनच १९६४च्या आधीच्या या मोटरींना पेट्रोल-तेलाचं मिश्रण २४ ला १ लागतं. तू ५० ला १ ओतलंस, बाटलीवरचं लेबल व्हिडिओत स्पष्ट दिसतंय. बुश झिजला की क्रँक डगमगतो, पॉइंटचा गॅप प्रत्येक फेरीला बदलतो, आणि माणूस वैतागून मॉड्यूल लावतो. मॉड्यूलला गॅप नाही, म्हणून लक्षण जातं. डगमग तशीच राहते, आणि एक दिवस चुंबक कॉइलच्या टाचा घासायला लागतं. कॉइल बसवताना तिच्या टाचा प्लेटवरच्या घासून काढलेल्या उंचवट्यांशी बोटाने चाचपून जुळवायच्या असतात. तू स्क्रू आवळून मोकळा झालास.

एचटी वायर प्लगवर नसताना दोरी ओढलीस. दाबाला जायला वाट मिळाली नाही की तो कॉइलच्या आतूनच वाट काढतो. फुटकी कॉइल आणखी फुटते, आणि नवीन मॉड्यूलचा ट्रान्झिस्टरही जाऊ शकतो. रंगावर मॉड्यूल बसवलंस, म्हणजे अर्थचा पत्ता नाही. टेपरवर ग्रीस लावलंस! फ्लायव्हीलचा जोर टेपर घेतो, चावी नाही. चावी फक्त जागा दाखवते. टेपर स्वच्छ आणि कोरडा हवा, आणि नट मॅन्युअलच्या आकड्याला टॉर्क रेंचने. ग्रीस लावलेल्या टेपरवर नवी चावीसुद्धा कातरली जाईल.

आणि सगळ्यात शेवटी, गॅरेजमध्ये, कोरड्यावर, पाण्याशिवाय इंजिन चालवलंस. खाली गिअरकेसच्या वर रबरी इम्पेलर आहे. पाण्याशिवाय तो काही सेकंदांत भाजतो आणि त्याचे पंख तुटून थंडाव्याच्या नळीत अडकतात. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर ज्याचं पोट आउटबोर्ड मोटरवर चालतं तो खलाशी झोपेतही ही चूक करणार नाही, कारण खाडीच्या तोंडाशी इंजिन तापून बंद पडलं की काय होतं ते त्याने पाहिलेलं असतं. तुझ्या गॅरेजच्या मागे अंगणात एक पिंप दिसतंय. ते कशासाठी ठेवलंयस?

म्हणून मी इलेक्ट्रॉनिकच्या विरोधात आहे असं समजू नकोस. पॉइंट हे काही देवघरातले देव नाहीत. त्यांची टाच झिजते, गॅप कमी होतो, ठिणगी मागे सरकते. कॅमला तेल पाजणारी वात कोरडी पडली की हे आणखी लवकर होतं. दर हंगामात त्यांच्यापुढे वाकावं लागतं. ज्या इंजिनाचे पॉइंट जगात कुठेच मिळत नाहीत, ज्याची कंपनी नामशेष झाली आणि सुटे भाग वितळले, ते पडून राहण्यापेक्षा मॉड्यूलवर चाललेलं बरं. मी स्वतः लावून देईन. पण कॉइल धड, चुंबक धड, चावी धड आणि टायमिंग लाइटने तपासलेलं असेल तरच. आणि मूळचा एकही भाग कापायचा नाही, जुने पॉइंट डबीत घालून इंजिनाच्या पेटीत ठेवायचे, म्हणजे पुढच्या माणसाला मागे जाता येईल. तुझ्या मोटरीचं तसं काहीच नाही. त्या मालिकेचे पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल आजही नवीन बनतात आणि विकत मिळतात. तुझ्या देशात या जुन्या मोटरी जपणाऱ्यांचा अँटिक आउटबोर्ड मोटर क्लब १९६५ पासून आहे. त्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारलं असतंस तर त्याने दुपारभर बसवून सगळं दाखवलं असतं, आणि वर कॉफी पाजली असती. तुला विचारायची लाज वाटली, आणि कॅमेऱ्यासमोर मिरवायची नाही वाटली.

तुझ्या मुलाचा हात त्या व्हिडिओत दिसतो. पाने देतोय तो, डोळे मोठे करून. तो काय शिकला? बिघाड शोधायचा नसतो, नवीन डबी लावायची असते, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर हसायचं असतं. हे तू त्याला शिकवलंस, माझा विद्यार्थी असून.

आता काय करायचं ते लिहून घे. हिवाळा लागून तळी गोठेपर्यंत तुझ्याकडे वेळ आहे, घाई करू नकोस.

कचऱ्याचा डबा रिकामा झाला नसेल तर हात घालून पॉइंट काढ. झाला असेल तर दोन्ही सिलिंडरचे नवीन पॉइंट, नवीन कंडेन्सर आणि दोन्ही कॉइल मागव. एक फुटली म्हणजे दुसरीची पाळी लांब नाही. पुलर भाड्याने आण. फ्लायव्हील काढण्याआधी नट शाफ्टच्या टोकाशी समपातळीत येईल इतकाच सैल कर, म्हणजे आटे वाचतील. फ्लायव्हील निघालं की सगळ्यात आधी चावी काढून उजेडात बघ. इपॉक्सी उष्णतेने मऊ करून काढ, पटाशीने नाही, प्लेट ॲल्युमिनियमची आहे. कॅमवर वरच्या बाजूला "टॉप" असं कोरलेलं आहे, ते वर ठेवूनच बसव. उलटा बसवलास तर टायमिंग पुन्हा चुकेल आणि तू पुन्हा मॉड्यूल शोधत फिरशील. वातीला तेलाचे दोन थेंब. गॅप ०.०२०, दोन्ही पॉइंटना, आणि दुसरा लावल्यावर पहिला परत मोजायचा. टेपर थिनरने पुसून कोरडा. प्लगचा गॅप ०.०३०. टाकीतलं मिश्रण ओतून टाक आणि २४ ला १ भर. पिंपात पाणी इतकं भर की पंप बुडेल, आणि त्यातच इंजिन सुरू कर. इम्पेलर आधी बदल, तो गेलेलाच आहे.

दोन्ही वायरींवर स्पार्क टेस्टर पाव इंचावर लावून ठिणगी बघ, अंधारात. तुझ्या मुलाला शेजारी उभं कर, पण हात मागे बांधून. कॉइलचे ओहमचे आकडे, जुन्या आणि नव्या दोन्हींचे, वहीत रकाने आखून लिही आणि ते पान मला पाठव. चावीचा फोटोही हवा, जवळून, खाचेच्या दोन्ही कडा दिसतील असा.